वलयाकार की रेषीय? स्फटिकीभवनाच्या प्रकल्पासाठी पॉलिमर निवडताना

बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठात एम.एस्सी. करणाऱ्या आणि पॉलिमरच्या स्फटिकीभवनावर प्रकल्प घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला नमुना वलयाकार घ्यावा की रेषीय, हे आरंभीच ठरवावे लागते. वलयाकार साखळी लवकर स्फटिकते आणि उशिरा वितळते, असे सरसकट सांगितले जाते. माझ्या मते हे अर्धेच खरे आहे. साखळी किती लांब आहे आणि नमुना किती शुद्ध आहे, या दोन गोष्टी कळल्याखेरीज कोणत्याही बाजूने कौल देता येत नाही.

साखळीची दोन टोके जोडली की रेणू आटोपशीर होतो. आदर्श वलयाच्या परिभ्रमण त्रिज्येचा (रेणू जागेत किती पसरला आहे याच्या मापाचा) सरासरी वर्ग तितक्याच लांबीच्या रेषीय साखळीच्या निम्मा असतो. वितळलेल्या अवस्थेत वलये एकमेकांत कमी गुंततात, द्रवाची विष्यंदिता (दाटपणा) घटते आणि रेणू वाढत्या स्फटिकाच्या पृष्ठभागापर्यंत लवकर पोहोचतात. शिवाय वलयाची द्रवातली एंट्रॉपी (निरनिराळे आकार घेण्याची मोकळीक) मुळातच कमी असल्यामुळे स्फटिकात जाताना त्याला कमी गमवावे लागते, आणि हे कारण द्रवणांक वर ढकलणारे आहे. याच्या उलट दिशेने काम करणारी गोष्ट म्हणजे घडी. वलयाला स्फटिकात सरळ पसरता येत नाही. त्याला निदान दोन ठिकाणी वळावेच लागते आणि प्रत्येक वळणाची ऊर्जेतली किंमत स्फटिकाच्या पृष्ठभागाला मोजावी लागते.

लहान साखळ्यांत ही घडीच वरचढ ठरते. पॉलिइथिलीन ऑक्साइडचे उदाहरण घेऊ. 2000 रेणुभाराच्या रेषीय साखळीत सुमारे 45 एकके असतात आणि स्फटिकातील सर्पिल रचनेत प्रत्येक एकक साधारण 0.28 नॅनोमीटर जागा घेते. म्हणजे घडी न घालता उभी राहिलेली साखळी सुमारे साडेबारा नॅनोमीटर जाडीचा स्फटिकाचा पापुद्रा तयार करते. तितक्याच रेणुभाराच्या वलयाला फार तर सहा नॅनोमीटरच्या आसपासची जाडी गाठता येते. गिब्ज-थॉमसन समीकरणानुसार पापुद्रा जितका पातळ, तितका द्रवणांक खाली; त्यामुळे येथे वलय आधी वितळते.

पॉलिकॅप्रोलॅक्टोनच्या काही हजार रेणुभाराच्या नमुन्यांत मात्र चित्र पालटते. रसायनशास्त्रज्ञ स्कॉट ग्रेसन यांच्या गटाने क्लिक रसायनाने, म्हणजे साखळीचे अझाइड टोक अल्काइन टोकाला जोडून, तयार केलेल्या वलयांचा अलेहांद्रो म्युलर यांच्या गटाने 2011 मध्ये सविस्तर अभ्यास केला, तेव्हा वलयाकार नमुने रेषीय जोडीदारांपेक्षा वेगाने स्फटिकले आणि त्यांचा द्रवणांकही अधिक भरला. या लांबीच्या रेषीय साखळीलाही घड्या घालाव्याच लागतात, म्हणून वलयाचा तोटा जवळजवळ संपतो आणि चपळपणाचा लाभ शिल्लक राहतो. पॉलिकॅप्रोलॅक्टोन साधारण 60 अंश सेल्सिअसला वितळते, ही आपल्याकडे मोठी सोय आहे. पॉलिटेट्राहायड्रोफ्युरानच्या लहान साखळ्यांचा द्रवणांक खोलीच्या तापमानाहून थोडासाच वर असतो, आणि मे महिन्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या बडोद्यात वातानुकूलनाबाहेर ठेवलेल्या अशा नमुन्याचा औष्णिक इतिहास (तो कसा तापवला आणि थंड केला याची खूण) पुसला गेलाच म्हणून समजावे.

खरी कसोटी शुद्धतेची आहे आणि तिकडे दुर्लक्ष झाले, तर सगळी तुलना वाया जाते. न जुळलेली रेषीय साखळी वलयाच्या पोटातून ओवली जाते, वलयाची हालचाल अडवते आणि स्फटिकीभवन मंदावते. त्यासाठी रेषीय अंश थोडासा असला तरी पुरे. क्लिक पद्धतीत एकाच साखळीची टोके जुळताना अणू बाहेर पडत नाहीत, म्हणून वलयाचे वस्तुमान मूळ रेषीय साखळीइतकेच राहते आणि केवळ वस्तुमान वर्णपटावरून दोघांना वेगळे ओळखता येत नाही. रेणूंना आकारमानानुसार वेगळे करणाऱ्या साइज-एक्सक्लूजन क्रोमॅटोग्राफीत वलयाचे शिखर उशिरा येणे आणि अवरक्त वर्णपटातली 2100 प्रति सेंटीमीटरजवळची अझाइडची रेघ नाहीशी होणे, हे दोन्ही पुरावे हाती असल्याशिवाय डीएससीला (नमुना तापवताना व थंड करताना उष्णतेची देवघेव मोजणाऱ्या उपकरणाला) हात लावू नये. तुलनेसाठीही बाजारातली कोणतीही रेषीय बाटली चालणार नाही. ज्या साखळीपासून वलय बनवले, तिचाच नमुना शेजारी ठेवावा, अन्यथा रेणुभारातला फरक आकाराच्या नावावर खपून जातो. दोन्ही नमुने आधी पूर्ण वितळवून, समान वेगाने थंड करून, दुसऱ्यांदा तापवतानाचा द्रवणांक नोंदवावा.

वलये तयार करून शुद्ध करण्याची सोय आणि ही तपासणीची साधने हाताशी असतील, तर पॉलिकॅप्रोलॅक्टोनची वलये निःशंकपणे घ्यावीत. टोके नसण्याचा परिणाम इतक्या स्पष्टपणे दाखवणारा दुसरा नमुना मला ठाऊक नाही. ही सोय आणि साधने नसतील, तर रेणुभाराची व्याप्ती अरुंद असलेल्या रेषीय पॉलिइथिलीन ऑक्साइडच्या दोन-तीन लांबी निवडाव्यात. साखळी उभी राहण्याचे सोडून घडी घालू लागते तो टप्पा डीएससी आणि पापुद्र्याची जाडी यांवरून शोधणे हे एम.एस्सी.च्या वर्षासाठी पुरेसे काम आहे.