नमुन्याचं कार्ड बघून मशीन घेऊ नका

परवा भोसरीच्या एका मुलाने मला दिवाळी कार्डाचा फोटो पाठवला. ओळखीतल्या कुणाकडून तरी त्याला माझा नंबर मिळाला होता. "ताई, जुनं डिजिटल मशीन घेतोय. त्यावरच काढलेलं हे कार्ड आहे. छपाई कशी वाटते?" फोटो उघडला आणि माझे हातपाय गार पडले. गडद निळ्यावर केशरी आकाशकंदील, खाली ‘दीपावलीच्या हार्दिक शुभेछा’. जोडाक्षरातला च गायब. हेच कार्ड, याच चुकीसह, दीड वर्षापूर्वी माझ्या हातात ठेवलं होतं, आणि तेही ‘याच मशीनवर काढलंय’ असं सांगून.

तेव्हा मी गप्प बसले होते. आज सगळं लिहिते आहे.

मी हाताने चित्रं काढून शुभेच्छापत्रं करते. छपाई कित्येक वर्षं नारायण पेठेतल्या एका प्रेसमधून जॉबवर्कवर करून घेत होते. १२ बाय १८ इंची शीटवर दोन कार्डं, मग कटिंग, मग शेजारच्या बोळातल्या बायंडिंगवाल्या काकांकडे ट्रेडलवर (जुन्या पद्धतीच्या छपाई यंत्रावर) क्रीझ, म्हणजे घडीसाठी दाबून पाडलेली रेघ, मारून घ्यायची. काम चोख व्हायचं, पण लग्नसराईत पत्रिकांच्या गठ्ठ्यांपुढे माझी पन्नास-शंभर कार्डं मागे राहायची. म्हणून स्वतःचं मशीन घ्यायचं डोक्यात बसलं.

कात्रजच्या पुढे एका गाळ्यात परदेशातून आलेली वापरलेली मशीनं विकणारा एक जण होता. बोलायला फार गोड. "वहिनी, नुसतं प्रिंटर घेऊन काय करणार? अख्खं पॅकेज घ्या." कलर डिजिटल मशीन, हाताने ओढायचं कटर, क्रीझिंग मशीन आणि छोटं लॅमिनेशन, सगळं मिळून २ लाख ८५ हजार. माझ्यासमोर त्याने सहा-सात शीट काढून दाखवल्या. रंग झकास होते. पॅनेलवर काउंटर, म्हणजे आजवरच्या एकूण छापांचा आकडा, दाखवला, १ लाख ८० हजारांच्या आसपास. म्हणाला, "इतक्या कमी चालीचं मशीन पुण्यात दुसरं सापडणार नाही." मग खणातून घडी घातलेली तयार कार्डं काढून दिली. घडीवर एक रेघ फुटलेली नव्हती. त्या कार्डांनीच माझा निर्णय झाला.

समोर निघालेल्या शीट कसल्या होत्या, हे मी विचारलंच नाही. त्या १७० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे दर चौरस मीटरला कागदाचं वजन ग्रॅममध्ये) चकचकीत आर्ट पेपरच्या होत्या. माझं काम ३०० जीएसएमच्या मॅट कार्डावर, तेही दोन्ही बाजूंनी. कागद वेगळा की मशीनची वागणूकच बदलते.

बिलाच्या वेळी तो म्हणाला, ९० हजारांचं पक्कं बिल करू, बाकी रोख द्या, जीएसटी वाचेल. मी हो म्हटलं. मला सगळ्यात महाग पडलेलं वाक्य हेच. बिलावर खाली बारीक अक्षरात ‘जसे आहे तसे’ असंही छापलेलं होतं.

मशीन घरी आलं सप्टेंबरात. बाणेरच्या एका ऑफिसची दिवाळीसाठी ६०० कार्डांची ऑर्डर हातात होती. पहिल्याच दिवशी कळलं की जाड कार्ड फक्त बाजूच्या बायपास ट्रेमधून, एकेक बाजू करूनच जातं. आपोआप पलटून दोन्ही बाजू छापण्याची सोय फक्त पातळ कागदापुरती. मशीन जाड कागद ‘घेतं’ आणि दोन्ही बाजूंनी ‘छापतं’ या वेगळ्या गोष्टी आहेत, हे विक्रेत्याला पक्कं ठाऊक होतं. हाताने पलटून घातलं तर मागची बाजू दोन-तीन मिलिमीटर सरकायची. पंचविसाव्या शीटनंतर रंग धरेना. नखाने खरवडलं की निळा टोनर भुकटीसारखा सुटून बोटाला लागायचा.

आणि घडी! क्रीझ मारून कार्ड दुमडलं की निळ्या रंगावर पांढरी फुटकी रेघ. शंभर कार्डं टाकून दिली. मग एक माझं आणि एक त्याने दिलेलं नमुन्याचं, अशी दोन कार्डं घेऊन काकांकडे गेले.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि खणातलं भिंग काढलं. आधी माझं कार्ड पाहिलं, मग त्याचं. मग भिंग माझ्या हातात दिलं. "बघ." नमुन्याच्या कार्डावर चार रंगांचे ठिपके फुलासारखी नक्षी करून बसले होते, कडा स्वच्छ. माझ्या कार्डावर बारीक रेघांची जाळी, आणि अक्षरांभोवती धुळीसारखे कण उडालेले. "हे ऑफसेटचं, प्लेटवरून शाईने छापलेलं काम आहे बाळा. डिजिटल मशीनवर काढलेलंच नाही. ऑफसेटची शाई कागदात मुरते, थर पातळ असतो, म्हणून घडीला टिकते. तुझा टोनर म्हणजे प्लास्टिकची भुकटी, उष्णतेने कागदावर चिकटवलेली. वाकवलं की तडकणारच." दुकानात बसलेले सगळे गप्प झाले होते. मला रडू आवरेना.

मग त्यांनी माझी शीट घेऊन दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून दाखवली. एका बाजूने ती सहज वळत होती, दुसरीकडून अडत होती. कागदाचे धागे ज्या दिशेने जातात त्याच दिशेने घडी पडली पाहिजे. माझं कार्ड उघडं १० बाय ७, घडी सात इंचांची, ती शीटच्या अठरा इंची बाजूला समांतर येते, म्हणजे धागेही अठरा इंचांच्या दिशेनेच हवेत. २५ बाय ३६ च्या मोठ्या शीटमध्ये धागे ३६ च्या दिशेने असतील तर तिचे चार भाग केल्यावर ते बरोबर येतात. मला स्वस्तात मिळालेला कागद उलटा कापलेला होता. तो दोष माझ्या खरेदीचा, मशीनचा नाही, हेही इथे सांगायला हवं.

नंतर एका मेकॅनिकला बोलावलं. त्याने मशीनच्या सर्व्हिस मोडमध्ये (दुरुस्तीसाठीच्या आतल्या मेनूत) जाऊन ट्रेनिहाय नोंदी काढल्या. ट्रेमधून उचललेल्या शीटची बेरीज सहा लाखांच्या वर, आणि एकूण छपाईचा काउंटर १ लाख ८० हजार. एका शीटवर निदान एक तरी छाप पडतोच, मग शीट छपाईपेक्षा जास्त कशा? काउंटर मागे आणलेला होता. फ्यूझर (टोनर उष्णतेने कागदावर चिकटवणारा भाग) संपत आलेला, टोनर कागदापर्यंत नेणाऱ्या बेल्टवर चरे. दोन्ही बदलायचं तर मशीनच्या निम्म्या किमतीचा खर्च. कटरचा दाबही ढिला होता. गठ्ठ्यातली वरची शीट आणि खालची शीट सारखी कापली जात नव्हती.

विक्रेता म्हणाला, फ्यूझर वगैरे झिजणारे भाग, त्यांची जबाबदारी आमची नाही. पोलिसांत गेले तर व्यवहार दिवाणी आहे असं उत्तर मिळालं. आणि कागदावर माझा व्यवहार ९० हजारांचाच.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, वकिलांना भेटले. तिथे एक गोष्ट कळली, ती माझ्यासारख्या घरून काम करणाऱ्यांनी जरूर ध्यानात ठेवावी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये धंद्यासाठी केलेली खरेदी वगळलेली असली, तरी स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या वस्तूला तो अपवाद लागू होत नाही. म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. निकाल लागायचा आहे. रोख दिलेल्या रकमेचा पुरावा म्हणून माझ्याकडे त्याचे दोन व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आहेत, तेवढेच.

ती ६०० कार्डं शेवटी नारायण पेठेतच छापली. क्रीझ काकांच्या ट्रेडलवर मारली, रात्री अकरापर्यंत.

भोसरीच्या त्या मुलाला मी सांगितलं, तुझ्या कामाचा कागद घेऊन जा. ३०० जीएसएमच्या पन्नास शीट. घडीवर गडद रंग येईल अशी फाइल दे. मशीन रात्रभर बंद असलेलं हवं, सकाळी तुझ्यासमोर सुरू करायला सांग. दोन्ही बाजू छापून घे, शेवटच्या शीटवर नख ओढ, तिथेच क्रीझ मारून दुमड. ट्रेनिहाय नोंदींचं पान छापून माग. आणि पैसे पूर्ण बिलावर, बँकेतूनच.

त्याने त्याच संध्याकाळी विक्रेत्याला फोन केला, स्वतःचा कागद घेऊन शनिवारी येतो म्हणाला. तासाभरात उत्तर आलं, मशीन विकलं गेलं.