सिग्नलला सायकल दिसेना: लूप, कॅमेरा, रडार आणि आपल्या हातातले उपाय

पुण्याहून किंवा नाशिकहून कॅलिफोर्नियातल्या बे एरियात येऊन सायकलने ऑफिसला जायचं मनावर घेतलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कोड्यात टाकते. गल्लीच्या तोंडाशी आपण एकटे, समोर लाल. आडव्या मोठ्या रस्त्यावर चिटपाखरू नाही, तरी हिरवा त्याच्याकडेच. आपल्याकडे बहुतेक सिग्नल ठरलेल्या वेळेने फिरतात, कोणी असो नसो, पाळी येतेच. सनीव्हेल, कुपर्टिनो, फ्रीमॉन्टकडच्या गल्ल्यांत तसं नाही. गल्लीत कोणीतरी आहे हे यंत्राला कळलं तरच तिला हिरवा मिळतो. मोटार आली की कळतं. सायकल आली की कधी कळतं, कधी नाही.

मग काय करायचं? बटण दाबायचं, लाल तोडायचा, रस्ता बदलायचा की तक्रार करायची? उन्हाळा लागला की ओळखीचं कोणी ना कोणी हे विचारतंच. त्या चौकात कोणतं यंत्र बसवलंय यावर उत्तर बरंचसं अवलंबून आहे, म्हणून आधी यंत्रांची तुलना.

यंत्रं मुख्यतः तीन: रस्त्यात पुरलेली लूप, खांबावरचा कॅमेरा आणि खांबावरचं रडार. माझं मत आधीच सांगून टाकतो. सायकलवाल्यासाठी नीट जुळवलेली लूप पहिली, रडार जवळजवळ तिच्या बरोबरीचं आणि कॅमेरा तिसरा. पण न जुळवलेली लूप तिघांत सगळ्यात वाईट, आणि रस्त्यात सगळ्यात जास्त भेटते तीच.

लूप ओळखायला सोपी. स्टॉप लाइनच्या अलीकडे डांबरात करवतीने कापलेले बारीक चर दिसतात, त्यांत काळा मसाला भरलेला असतो. आकार साधारण सहा फूट बाजूचा चौकोन किंवा तेवढ्याच व्यासाचं वर्तुळ. आत तारेचे तीन-चार वेढे असतात आणि कोपऱ्यावरच्या पेटीतून त्यात सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होणारा प्रवाह सोडलेला असतो. वर धातू आला की त्या धातूत उलटा प्रवाह फिरू लागतो, तारेतल्या प्रवाहाची वारंवारता किंचित बदलते आणि पेटीतलं कार्ड ‘कोणीतरी आलं’ अशी नोंद करतं. वजनाचा काडीचाही संबंध नाही. त्यामुळे जड ई-बाइक असल्याचा फायदा नाही आणि सायकल आपटूनही उपयोग नाही. चुंबकाचाही संबंध नाही. बुटाला किंवा फ्रेमला लावायचे ‘सिग्नल बदलणारे’ चुंबक विकले जातात, ते घेऊ नका. लोखंडच लागतं असंही नाही. अॅल्युमिनियम उत्तम चालतं, आणि साध्या सायकलच्या रिमा बहुधा त्याच्याच असतात.

खरी मेख आहे उभं कुठे राहायचं यात. रिम म्हणजे उभं कडं. साध्या चौकोनी लूपच्या मधोमध चुंबकीय क्षेत्र जमिनीतून सरळ वर येतं, कड्याच्या बाजूने निघून जातं, कड्याच्या आरपार जातच नाही. आरपार गेलं नाही की कड्यात प्रवाह उठत नाही. तारेच्या नेमकं वर मात्र क्षेत्र तारेभोवती वळसा घेतं, तिथे ते आडवं असतं. चाक तारेच्या रेषेत उभं केलं की ते रिमच्या आरपार जातं आणि कार्डाला जाग येते. म्हणजे समजूतदार माणूस जिथे थांबेल, लेनच्या ऐन मधे, तीच जागा सायकलसाठी सगळ्यात वाईट. चौकोनाच्या डाव्या किंवा उजव्या कडेच्या चरावर दोन्ही चाकं आणा आणि तिथेच थांबा. तरी काही होत नसेल तर सायकल त्याच चरावर तिरपी झुकवा, धातू जमिनीच्या जवळ जातो.

चौकोनाच्या आत आणखी रेषा दिसल्या तर नशीब चांगलं. मधून एक उभी रेषा असेल तर तिच्यावर थांबा. तिथे दोन्ही बाजूंच्या वेढ्यांचा प्रवाह एकाच दिशेने जातो, म्हणून जोर अधिक. तिरप्या रेषा असतील तर तो कॅलट्रान्सच्या, म्हणजे राज्याच्या वाहतूक खात्याच्या, नकाशांतला ‘डी’ प्रकार, तो लेनच्या जवळजवळ सगळ्या रुंदीत सायकल पकडतो. आणि कुठे रस्त्यावर सायकलस्वाराचं पांढरं चित्र, त्याच्या वर-खाली एकेक उभी रेघ असं रंगवलेलं दिसलं, तर विचार करायचा नाही, चाकं त्या रेघेवर ठेवायची.

एवढं करूनही हिरवा न मिळण्याची दोन-तीन कारणं मी पाहिलीत. एक म्हणजे पुढे सरकणं. बऱ्याच लूप मोटार हलली की नोंद पुसून टाकतात. तुम्ही तारेवर थांबलात आणि मग उतावीळपणे झेब्रा क्रॉसिंगवर गेलात की पेटीच्या मते गिऱ्हाईक निघून गेलं. दुसरं, उजव्या वळणाच्या लेनमधल्या लूपला मुद्दाम काही सेकंदांचा उशीर लावलेला असतो, लालवर उजवीकडे वळून जाणाऱ्या मोटारींसाठी उगाच सिग्नल बदलू नये म्हणून. तिथे धीर धरावा लागतो. तिसरं कारण कार्डाची संवेदनशीलता. ती वाढवली की शेजारच्या लेनमधली मोटारही नोंदली जाते, म्हणून काही ठिकाणी ती कमी ठेवलेली असते. हे पेटी उघडून दुरुस्त करता येतं, रस्ता खोदावा लागत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, तक्रार लिहिताना लागेल.

सायकल अजून घ्यायची असेल तर जाता जाता: कार्बनची फ्रेम चालेल, कार्बनच्या रिमा मात्र लूपला फारशा दिसत नाहीत. ऑफिसला जायच्या सायकलला अॅल्युमिनियमच्या रिमा बऱ्या, स्वस्तही पडतात.

कॅमेरा आडव्या खांबावर, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून बसवलेला असतो. हा दंडाची पावती पाठवणारा कॅमेरा नव्हे. पडद्यावर आखून दिलेल्या चौकटीत चित्र बदललं की हा नोंद करतो. याच्यापुढे रिम अॅल्युमिनियमची की कार्बनची हा प्रश्नच नाही, आणि सायकल लेनवरही चौकट आखता येते. पण सूर्य खाली असताना भिंगात थेट ऊन शिरलं, लांब सावल्या पडल्या, भिंगावर धूळ बसली, शेजारी उंच ट्रक उभा राहिला की गडबड होते. रात्री तो मुख्यतः दिव्यांवर जातो, आणि सायकलचा एकुलता एक दिवा मोटारीच्या जोडीपुढे दुबळा पडतो. ऑफिसला जाण्या-येण्याच्या वेळा नेमक्या उन्हं कलल्याच्या किंवा अंधाराच्या, म्हणून मी त्याला तिसरा ठेवतो. कॅमेऱ्याच्या चौकात स्टॉप लाइनच्या मागे, लेनच्या मधे थांबा, कडेला चिकटून नको. म्हणजे लूपच्या अगदी उलट. चर आणि कॅमेरा दोन्ही दिसले तर बहुधा लूप बिघडल्यावर कॅमेरा बसवलेला असतो, तेव्हा कॅमेऱ्याचा नियम पाळा.

कॅमेऱ्याचाच भाऊ उष्णता टिपणारा, थर्मल. त्याला ऊन-सावलीचा त्रास कमी, पण तो अजून सगळीकडे नाही.

रडार म्हणजे खांबावरची भिंग नसलेली चपटी पेटी. धुकं, ऊन, अंधार यांचा त्याला फरक पडत नाही. प्लेझंटन शहराने सायकलसाठी रडार बरंच आधी वापरून पाहिलं, आणि त्याचा खरा फायदा नुसतं ‘कोणीतरी आलं’ असं सांगण्यात नाही. आलेली सायकल आहे की मोटार, हे ते ओळखू शकतं.

हा फायदा का मोठा? कारण हिरवा मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. गल्लीतून एल कमिनो रियालसारखा रुंद रस्ता ओलांडताना मोटारीच्या हिशेबाने दिलेला हिरवा अर्ध्यातच पिवळा होतो आणि आपण सहा लेनच्या मधे. कॅलिफोर्नियाच्या नियमावलीत सायकलसाठी हिशेब दिला आहे: सुरुवात करायला ६ सेकंद, आणि रस्त्याच्या रुंदीत सायकलची लांबी म्हणून ६ फूट मिळवून त्याला सेकंदाला १४.७ फूट या वेगाने भागायचं. १०० फूट रुंद रस्त्याला हिरवा, पिवळा आणि त्यानंतर क्षणभर सगळ्या बाजूंना असतो तो लाल मिळून किमान १३ सेकंदांच्या वर वेळ हवा. साध्या लूपला सायकल आणि मोटार यातला फरक कळत नाही, म्हणून हा वेळ द्यायचा तर सगळ्यांनाच द्यावा लागतो, किंवा सायकल लेनमध्ये वेगळी लूप टाकावी लागते. रडार किंवा चांगला कॅमेरा फक्त सायकल आली तरच वेळ वाढवतो. रुंद रस्त्याच्या चौकात मी लूपपेक्षा रडार मागेन. अरुंद रस्त्याला ‘डी’ लूप आणि रंगवलेली खूण पुरे.

पेटीने आपल्याला पाहिलं की नाही हे कळायचीही सोय असते. पोर्टलंडमध्ये काही चौकांत सिग्नलजवळ छोटा निळा दिवा लावलाय. सायकल नोंदली गेली की तो लागतो. लोक विनाकारण लाल तोडत नाहीत ते अशाने. बे एरियात हे सगळीकडे हवं होतं.

आता तुमच्या हातातले उपाय. पादचाऱ्यांचं बटण सगळ्यात खात्रीचं आणि सगळ्यात कंटाळवाणं. ते दाबलं की चालणाऱ्या माणसाच्या वेगाने हिशेब केलेला लांब वेळ मिळतो, रुंद रस्त्याला तो वरदानच. १ जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्नियात चालणाऱ्या माणसाच्या पांढऱ्या चिन्हावर सायकललाही जाता येतं. अडचण जागेची: बटण फुटपाथवर, तुम्ही लेनमध्ये. लहान मूल मागे बसवलं असेल तर सायकल फुटपाथवर चढवणं नको वाटतं. आणि डाव्या वळणाच्या लेनमध्ये तर बटण कामाचंच नाही. तिथे सरळ ओलांडून पलीकडच्या कोपऱ्यावर पुन्हा ओलांडायचं, म्हणजे दोन हप्त्यांत डावीकडे. वेळ जातो, पण डावीकडच्या लेनमध्ये शिरण्यापेक्षा नवख्याला हेच बरं.

लाल तोडण्याबद्दल प्रत्येक राज्याचं शास्त्र वेगळं. मिनेसोटात २००२ पासून न बदलणाऱ्या सिग्नलवर ठरावीक अटींनी पुढे जायची मुभा आहे. विस्कॉन्सिनमध्ये ४५ सेकंद थांबायचं, व्हर्जिनियात दोन मिनिटं किंवा सिग्नलचे दोन फेरे, यातलं जे आधी होईल ते. वॉशिंग्टन राज्यात एक पूर्ण फेरा. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात असे ठरावीक सेकंद कुठेच नाहीत. स्टॉपच्या पाटीवर सायकलने नुसतं वेग कमी करून जावं, असं विधेयक २०२१ मध्ये विधिमंडळात मंजूर झालं तेही गव्हर्नर न्यूसम यांनी नाकारलं. तेव्हा ‘विस्कॉन्सिनमधल्या मिल्वॉकीच्या मित्राने सांगितलं’ हे इथे पोलिसापुढे चालणार नाही. तिथे राहत असाल तर जरूर वापरा, आधी दोन्हीकडे बघून. मोटारीच्या दिव्यांची उघडझाप करून सिग्नल बदलतो, ही आणखी एक अफवा. अग्निशमन दलासाठी असलेला संवेदक त्याला भुलत नाही.

रस्ता बदलणं हा उपाय लोक फार लवकर टाकून देतात. समांतर गल्लीत पुढच्या चौकाला लूप नीट असेल तर दोन मिनिटांच्या वळशाने रोजची कटकट वाचते. ऑफिसचा रस्ता ठरवताना रविवारी सकाळी, रहदारी नसताना, तीन-चार चौकांत थांबून बघा. गर्दीत मागची मोटार तुमच्यासाठी हिरवा आणून देते आणि चौक चांगला आहे असं वाटत राहतं.

तरीही रोज त्याच चौकातून जाणं भाग असेल तर तक्रार करा. सगळ्या उपायांत हिचं फळ सगळ्यात उशिरा येतं, पण तेच टिकतं. कायदा तुमच्या बाजूने आहे: कॅलिफोर्निया वाहन संहितेचं कलम २१४५०.५, २००७ मध्ये मंजूर. नवा सिग्नल बसवताना किंवा लूप बदलताना सायकल आणि मोटरसायकल दोन्ही ओळखली जातील अशी व्यवस्था ठेवायची, असं ते सांगतं. जुन्या, न बदललेल्या लूपला ते तितकं लागू पडत नाही, तरी संवेदनशीलता वाढवून द्या एवढी विनंती कोणी सहसा नाकारत नाही.

तक्रार कुठे करायची इथेच बरेच जण चुकतात. चौक गावात असला तरी सिग्नल गावाचा असेलच असं नाही. एल कमिनो रियाल हा राज्यमार्ग ८२, त्याचे सिग्नल कॅलट्रान्सकडे. लॉरेन्स, सॅन टॉमस, सेंट्रल, फूटहिल हे एक्सप्रेसवे सँटा क्लॅरा काउंटीकडे. बाकीचे बहुतेक शहराकडे, तिथे शहराच्या संकेतस्थळावर किंवा फोनवर नोंद होते. लिहिताना ‘सिग्नल चालत नाही’ असं लिहू नका, माणूस मोटार घेऊन येईल, सिग्नल बदलेल आणि तक्रार निकालात निघेल. कोणत्या रस्त्यावरून कोणत्या दिशेला, कोणत्या लेनमध्ये, किती वाजता, कोणत्या चरावर चाकं ठेवून किती फेरे थांबलात आणि रिमा कशाच्या आहेत, ते लिहा. चरांचा फोटो जोडा. ‘संवेदनशीलता तपासा, सायकल घेऊन तपासा आणि थांबायची खूण रंगवा’ अशा तीन मागण्या करा. खूण रंगवायला फारसा खर्च नाही आणि पुढच्या प्रत्येकाला त्याचा उपयोग आहे. महिनाभरात उत्तर आलं नाही तर बऱ्याच शहरांत सायकल-पादचारी सल्लागार समिती असते. तिच्या बैठकीत कोणालाही उठून दोन-तीन मिनिटं बोलता येतं, आणि शहराच्या वाहतूक विभागाचा माणूस बहुधा तिथेच बसलेला असतो.