बेळगावात दोन रात्री: जुना वाडा की शिवारातला तंबू?

पोरांना घेऊन शनिवार-रविवार बेळगावात काढायचे तर लॉज सोडूनही दोन पर्याय आहेत.

शहरातल्या कौलारू वाड्यात राहिलात तर किल्ल्यातली कमल बस्ती (इ.स. 1204 चं जैन मंदिर), कपिलेश्वराचं देऊळ आणि खडेबाजार हे सगळं रिक्षाच्या टप्प्यात. कुंदा (बेळगावची खव्याची मिठाई) रात्री जेवल्यावरही आणता येतो. बुकिंगआधी तीन गोष्टी विचारा: माळ्याच्या जिन्याला कठडा आहे का, संडास आत आहे की परसात, आणि कौलं यंदा चाळली (काढून, फुटकी बदलून पुन्हा बसवली) का. चाळली नसतील तर जून-जुलैत नेमकी गादीवर धार लागते.

तंबूची मजा येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या पायथ्याकडे, भात कापणीनंतर, डिसेंबर-जानेवारीत. चौघांना ‘चार माणसांचा’ तंबू पुरत नाही, सामानासह सहाचा घ्या. बांधाखालचा खोलगट भाग टाळा, थंडी आणि दव तिथंच साचतं. खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर आली की तिच्यावर पडलेलं दव ओघळून बुडाखाली शिरतं, म्हणून कडा चार बोटं आत दुमडा. खुंट्या तंबूपासून बाहेर कलत्या ठोका. थंडी वाजते म्हणून सगळ्या जाळ्या बंद केल्या तर श्वासाची वाफ कापडावर जमते आणि पहाटे पांघरुणं ओली होतात. वरची जाळी उघडीच ठेवा. शेगडी आत कधीच नको, धूर दिसला नाही तरी तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या वास नसलेल्या विषारी वायूनं जीव जाऊ शकतो.

आजी-आजोबा बरोबर असतील तर वाडाच. पोरं सहा-सात वर्षांवरची असतील तर आम्ही बेधडक तंबू सांगू.