माऊस बाजूला ठेवला तर: विंडोज, मॅक की लिनक्स?

लॅपटॉप घेताना आपण रॅम विचारतो, बॅटरी किती चालते ते विचारतो, उचलून वजनाचा अंदाज घेतो. टचपॅडला हात न लावता हे मशीन किती चालवता येईल, हे मात्र विचारायचं राहून जातं. अकाउंट्सचं काम करणारे, दिवसभर लिहिणारे, भाषांतरकार, प्रोग्रामर, शिवाय मनगट दुखतं म्हणून माऊस कमी करायचाय असे लोक, यांच्यासाठी हा प्रश्न रॅमइतकाच महत्त्वाचा आहे.

शॉर्टकटच्या याद्या समोर ठेवून ठरवायला जाल तर काही हाती लागणार नाही. कॉपी, पेस्ट, सेव्ह, प्रिंट सगळीकडे आहेत आणि अक्षरंही तीच आहेत. फरक पडतो तो शॉर्टकट ठाऊक नसतो तेव्हा. नवा प्रोग्रॅम उघडलाय, अनोळखी खिडकी समोर आलीय, अशा वेळी नुसत्या कीबोर्डवर वाट सापडते का? मी तिन्हींकडे याच नजरेने बघतो.

विंडोज वाट दाखवतं

विंडोजमध्ये अडलात की ऑल्ट दाबायचं. जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅममध्ये मेन्यूतल्या शब्दांखाली रेघा उमटतात. रेघेचं अक्षर दाबलं की तो मेन्यू उघडतो. ही शिस्त बरीच जुनी आहे. आयबीएमने 1987 साली प्रोग्रॅम कसे वागावेत याचे नियम घालून दिले होते. एफ1 म्हणजे मदत, ऑल्ट+एफ4 म्हणजे खिडकी बंद, हे त्याच काळातलं. विंडोजने ते उचललं आणि आजवर मोडलेलं नाही. कंट्रोल+इन्सर्टने कॉपी आणि शिफ्ट+इन्सर्टने पेस्ट आजही होतं, करून बघा.

याचा खरा फायदा एक्सेलमध्ये कळतो. ऑल्ट दाबून सोडलं की वरच्या पट्टीवर प्रत्येक टॅबशेजारी एकेक अक्षर उमटतं. एच दाबा, होम टॅबमधल्या प्रत्येक बटणावर अक्षरं येतात. मग ओ, मग आय, आणि कॉलमची रुंदी मजकुराइतकी होते. ऑल्ट, एच, ओ, आय: सगळी एकदम धरायची नाहीत, एकामागून एक दाबायची. पाठ करायचीही गरज नाही, कारण पुढचं अक्षर स्क्रीनवर लिहिलेलंच असतं आणि थोड्या दिवसांत बोटांना ते वळण पडतं. गंमत म्हणजे, 2007 मध्ये ऑफिसचे जुने मेन्यू गेले, तरी ऑल्ट, ई, एस दाबलं की ‘पेस्ट स्पेशल’ची खिडकी अजून उघडते. वीस वर्षांपूर्वीची सवय असलेल्या माणसाला मायक्रोसॉफ्टने उघड्यावर टाकलं नाही, हे मला त्यांच्या पुष्कळ नव्या गोष्टींपेक्षा जास्त आवडतं.

बाकीची मंडळी ठाऊक असतीलच: विंडोज बटण आणि बाण म्हणजे खिडकी अर्ध्या स्क्रीनवर, विंडोज+व्ही म्हणजे आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी (2018 पासून आहे, पण एकदा चालू करावी लागते), विंडोज+1 ते 9 म्हणजे खालच्या पट्टीवरचे प्रोग्रॅम क्रमाने. हे शेवटचं फार कमी लोक वापरतात आणि तेच सर्वात कामाचं आहे. पट्टीवर ब्राउझर पहिला, एक्सेल दुसरं, असं लावून टाकलं की ऑल्ट+टॅबची शोधाशोध निम्मी होते.

टॅली वापरणाऱ्यांनी फार विचार करू नये. टॅलीप्राइम थेट विंडोजवरच चालतं आणि ते मुळातच कीबोर्डवर चालवायचं सॉफ्टवेअर आहे: एफ8 विक्री, एफ9 खरेदी, ऑल्ट+जी म्हणजे कुठूनही कुठेही. फक्त लॅपटॉप घेताना एफ बटणं एफएन न दाबता चालतील असं सेट करता येतं का, ते दुकानातच बघून घ्या. नाहीतर प्रत्येक व्हाउचरला आवाज आणि ब्राइटनेस वरखाली होत राहील.

मॅक शिस्तीचा, पण वाट लपवणारा

1984 च्या पहिल्या मॅकिन्टॉशच्या कीबोर्डवर बाणांची बटणंच नव्हती. लोकांनी माऊस वापरलाच पाहिजे, असा त्यामागचा हेतू होता. बाण पुढे आले, पण तो स्वभाव अजून पुरता गेलेला नाही.

उदाहरण घ्या. फाइल बंद करताना ‘सेव्ह करायचं का?’ अशी खिडकी येते. विंडोजमध्ये टॅब दाबत हव्या त्या बटणावर जायचं आणि एंटर मारायचं. नव्याकोऱ्या मॅकवर टॅब दाबला तर बटणांवर जातच नाही. तो फक्त लिहायच्या चौकटी आणि याद्या यांच्यात फिरतो. त्यासाठी सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या पानावर जाऊन कीबोर्ड नेव्हिगेशन चालू करावं लागतं. ते केल्यावरही एक खोच आहे. टॅबने जिथे जाल त्या बटणाभोवती रंगीत कडं येतं, पण ते बटण दाबायचं स्पेसने. रिटर्न दाबलात तर आधीपासून ठळक असलेलं बटण दाबलं जातं. म्हणजे कडं ‘सेव्ह नको’वर, बोट रिटर्नवर, आणि फाइल सेव्ह. विंडोजवरून आलेला माणूस इथे हमखास फसतो.

मॅकवर फाइल्स बघायचा प्रोग्रॅम म्हणजे फाइंडर, तोही असाच. फाइलवर रिटर्न दाबलं की ती उघडत नाही, तिचं नाव बदलायची चौकट येते. उघडायला कमांड+खालचा बाण. फाइल कट करायला कमांड+एक्स चालत नाही. कमांड+सी ने कॉपी करायची आणि जिथे हलवायची तिथे ऑप्शन+कमांड+व्ही. थोडा विचार केला तर हे बरोबरही वाटतं, कारण ‘कट’ करून पेस्ट करायचं विसरलो असा प्रकार उरत नाही. पण सवय होईपर्यंत चिडचिड होते.

मग मॅक घ्यायचा कशासाठी? कमांड बटणासाठी. ते स्पेसबारला लागून आहे, अंगठ्याखाली येतं. कंट्रोलसाठी करंगळी वाकडी करावी लागते तशी कसरत नाही. मनगट दुखणाऱ्यांनी हा मुद्दा गंभीरपणे घ्यावा. दुसरं, प्रोग्रॅमचे आदेश कमांडवर असल्याने कंट्रोल मोकळं राहतं. टर्मिनलमध्ये (आदेश टाइप करून मशीन चालवायच्या खिडकीत) कमांड+सी म्हणजे कॉपी आणि कंट्रोल+सी म्हणजे चालू काम थांबवा, दोघांचं भांडण नाही. लिनक्सच्या बहुतेक टर्मिनलमध्ये याच भांडणापायी कॉपीला कंट्रोल+शिफ्ट+सी दाबावं लागतं. विंडोजचं टर्मिनल मजकूर निवडलेला असेल तर कॉपी करतं आणि नसेल तर काम थांबवतं. चालतं, पण धाकधूक राहते.

लिहिणाऱ्यांना आणखी एक ठेवा मिळतो. मॅकवर जवळजवळ कुठल्याही लिहायच्या चौकटीत कंट्रोल+ए ने ओळीच्या सुरुवातीला, कंट्रोल+ई ने शेवटी आणि कंट्रोल+के ने उरलेली ओळ पुसता येते. जुन्या युनिक्सवाल्यांची ही बटणं मेलमध्येही चालतात, नोट्समध्येही.

आणि अडलात तर? कमांड+शिफ्ट+स्लॅश. मदतीच्या मेन्यूत शोधायची चौकट उघडते, मेन्यूतल्या कुठल्याही आदेशाच्या नावातले दोन-चार शब्द लिहा, तो कुठे आहे ते दिसतं आणि तिथूनच चालवताही येतो. शिवाय मेन्यूतल्या कुठल्याही आदेशाला सेटिंग्जमधून आपला शॉर्टकट देता येतो. आदेशाचं नाव तंतोतंत लिहायचं, बस्स. विंडोजमध्ये सगळ्या प्रोग्रॅमसाठी एकच अशी सोय नाही.

खिडक्या बदलताना मात्र लक्षात ठेवा: कमांड+टॅब प्रोग्रॅम बदलतं, खिडकी नाही. एकाच प्रोग्रॅमच्या दोन खिडक्यांसाठी कमांड आणि टॅबच्या वरचं बटण. वर्डच्या पाच फाइल्स उघड्या ठेवणाऱ्यांना हे रुचत नाही. बाणांनी खिडकी अर्ध्या स्क्रीनला लावायची सोय तर मॅकमध्ये थेट 2024 साली आली.

लिनक्स म्हणजे नेमकं कुठलं?

इथे एक उत्तर नाही, कारण लिनक्सवर डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या आणि मेन्यूंची मांडणी, वेगवेगळी मिळते. उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराबरोबर येणाऱ्या ग्नोम डेस्कटॉपमध्ये सुपर बटण (विंडोजचं चिन्ह असतं तेच) दाबा, प्रोग्रॅमचं नाव लिहा, एंटर. इतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच सापडेल. पण ग्नोमच्या नव्या प्रोग्रॅममधून मेन्यूंची पट्टीच गेली, त्यामुळे ऑल्टने वाट शोधायची सोयही गेली. एफ10 ने मुख्य मेन्यू उघडतो तेवढ्यावर भागवायचं. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये मेन्यू बहुतेक शाबूत आहेत, रेघांसकट, आणि जवळपास प्रत्येक गोष्टीचा शॉर्टकट बदलता येतो. विंडोजवरून येणाऱ्याला मी केडीईच सुचवेन.

आय3सारख्या (प्रोसेसर नव्हे, लिनक्सवर खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम) प्रकारात खिडक्या आपोआप शेजारी शेजारी बसतात आणि माऊस जवळपास लागतच नाही. पण ते आधी स्वतः मांडावं लागतं, फाइलमध्ये ओळी लिहून. ज्यांना ते करण्यात मजा येते त्यांनी हा लेख वाचायला घेतलाच नसेल.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी

भाषा बदलायला विंडोजवर विंडोज+स्पेस, ग्नोममध्ये सुपर+स्पेस, मॅकवर कंट्रोल+स्पेस किंवा नव्या कीबोर्डवर ग्लोबचं बटण. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड मांडणी, तिन्हीकडे आहे. विंडोजमध्ये 2019 पासून मराठी फोनेटिकही आयतं मिळतं.

मराठी चालू असताना शॉर्टकटचं काय होतं, हे लोक तपासत नाहीत. विंडोज आणि मॅकवर कंट्रोल किंवा कमांडसोबतचे नेहमीचे शॉर्टकट सहसा बिनघोर चालतात. लिनक्सवर यादीत इंग्रजी कीबोर्ड ठेवलेला असेल तर बहुतेक प्रोग्रॅम सांभाळून घेतात, एखादा रुसतो. एकट्या अक्षराचे शॉर्टकट मात्र तिन्हीकडे सारखेच बुडतात. जीमेलमध्ये जे आणि के दाबून मेल वरखाली करणाऱ्याचा कीबोर्ड इनस्क्रिप्टवर राहिला, तर जे म्हणजे र आणि के म्हणजे क. विम हा कीबोर्डवर चालणारा एडिटर वापरणाऱ्यांना ओळ उडवायला डी दोनदा दाबायचा असतो. इनस्क्रिप्टमध्ये तिथे हलन्त बसलाय. विंडोजमध्ये प्रत्येक खिडकीची भाषा वेगळी लक्षात ठेवायची सोय सेटिंग्जमध्ये आहे. ती चालू करा: वर्ड मराठीत, ब्राउझर इंग्रजीत, आणि अर्धी कटकट संपते.

स्क्रीन न बघता वापरायचं असेल तर

दृष्टिहीन वापरकर्त्यासाठी घेत असाल तर स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम लागतो. मॅकमध्ये तो, म्हणजे व्हॉइसओव्हर, आतच असतो आणि कमांड+एफ5 ने सुरू होतो. विंडोजवर नॅरेटर आहेच, शिवाय एनव्हीडीए फुकट आहे आणि खूप वापरला जातो. ग्नोममध्ये ऑर्का, ऑल्ट+सुपर+एस. नोकरीत एक्सेल आणि ऑफिसची सॉफ्टवेअर असतील तर मी विंडोज आणि एनव्हीडीएकडे झुकेन.

ऑफिसात विंडोज, घरी मॅक

अशी मंडळी आता पुष्कळ आहेत. मॅकच्या सेटिंग्जमध्ये कंट्रोल आणि कमांडची अदलाबदल करता येते, आणि पहिल्याच दिवशी ती करायचा मोह होतो. करू नका. टर्मिनलचा सगळा फायदा त्यात जातो आणि अंगठ्याचं काम परत करंगळीवर येतं. बदलायचंच असेल तर उलट करा: मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज (बटणं बदलून देणारं सॉफ्टवेअर) ऑफिसच्या विंडोजवर टाका आणि स्पेसच्या डावीकडच्या ऑल्टला कंट्रोल बनवा. उजवं ऑल्ट तसंच ठेवा, म्हणजे एक्सेलची अक्षरंही सहसा शाबूत राहतील. फक्त ऑफिसच्या आयटीवाल्यांना आधी विचारा, कारण अनेक ठिकाणी बाहेरचं काही टाकायला परवानगी नसते.