मेसचे जुने चमचे: मुलाम्याचे की साध्या स्टीलचे?

महूची छावणी इंदुरापासून तासाभरावर, त्यामुळे भंगारवाल्याच्या पोत्यात मेसचे काटे-चमचे अधूनमधून निघतात. ऑफिसर मेसमधले बहुधा ‘ईपीएनएस’: तांबं, निकेल, जस्ताच्या मिश्रधातूवर चांदीचा पातळ मुलामा. हातात घेतलं की वजन जाणवतं. पण अंड्यातल्या गंधकाने ते काळवंडतात आणि रोज घासलं तर कडांवरचा पिवळसर धातू उघडा पडतो. पुन्हा मुलामा चढवायला द्याल, तर जुनी खूण बुजते!

जवानांचं स्टील दिसायला रुक्ष, पण ठसा शाबूत राहतो. ठशात बाणाच्या (सरकारी मालाच्या) खुणेखाली इंग्रजी ‘आय’ दिसला तर माल हिंदुस्थानच्या लष्करी भांडारातला. मी घेईन तर हेच. पोहेही त्यानेच खातो. मुलाम्याचा संच आईने शोकेसमध्ये कोंडलाय, पाहुण्यांनाही मिळत नाही.