मिसिंगला ‘हाफ इंजिन’ सांगतात: जुन्या गाडीवाल्यांनो, आधी हे वाचा

गाडी २००८ ची सँट्रो झिंग, पेट्रोल, नंतर सीएनजी किट बसवलेलं. जूनच्या पहिल्या पावसात मिसिंग मारायला लागली, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन मधूनमधून पेटेना. सिग्नलला उभी असताना स्टिअरिंग थरथरायचं, तिसऱ्या गिअरमध्ये चढ घेताना झटके बसायचे. सीएनजीवर जास्त, पेट्रोलवर कमी. मालक पुण्यातले, निवृत्त. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, चालू इंजिनाचं ऑइल कॅप काढून वर येणारा धूर दाखवला आणि सांगितलं, “काका, रिंगा गेल्यात. हाफ इंजिन करावं लागेल.” म्हणजे इंजिन उघडून पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग, गॅस्केट बदलायचं. सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावला नाही, एकही प्लग काढून पाहिला नाही. आठवड्याने ३१,५०० रुपयांचं बिल हातात आलं आणि गाडी खरंच छान चालू लागली.

फसवणूक लपते ती इथे. बिलाच्या तळाशी दोन ओळी होत्या: स्पार्क प्लग ४ नग, एचटी वायर (कॉइलपासून प्लगपर्यंत ठिणगीची वीज नेणाऱ्या वायरी) सेट १. गाडी सुधारली ती या दोन ओळींमुळे. इंजिनकामासोबत नवे प्लग आणि वायरी पडतातच, त्यामुळे मिसिंग जातं आणि गिऱ्हाईक वर धन्यवाद देऊन घरी जातं. आपण फसलो हे त्याला कधीच कळत नाही.

इथे कळलं, कारण जुने पार्ट मागून घेतले होते. तीन नंबरच्या वायरीच्या रबरी बूटला टाचणीएवढं छिद्र होतं, भोवती जळकी पांढुरकी कड. त्याच प्लगच्या पोर्सेलीनवर पेन्सिलने ओढावी तशी उभी काळी रेघ. ठिणगी प्लगच्या टोकाशी पडण्याऐवजी या रेघेवरून बाहेरच्या बाहेर हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) उतरत होती. ओलाव्यात ही गळती वाढते, म्हणून पहिल्या पावसात त्रास सुरू झाला. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून सीएनजीवर झटके जास्त. लक्षणं पहिल्या दिवसापासून इग्निशनकडेच (ठिणगीच्या यंत्रणेकडे) बोट दाखवत होती. आणि ‘काढलेल्या’ म्हणून दिलेल्या पिस्टन रिंगा? या १.१ लिटर इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६७ मिमी. त्या रिंगा तोंडं जुळवून मोजल्या तर ७० मिमीच्या वर भरत होत्या. म्हणजे त्या दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीच्या होत्या.

ऑइल कॅपचा प्रयोग जुन्या गाडीच्या मालकाला घाबरवायला फार सोपा आहे. गरम इंजिनाचं कॅप काढलं की थोडी वाफ प्रत्येक जुन्या गाडीतून येते. खरं पाहायचं असेल तर इंजिन चालू ठेवून कॅप उलटं करून भोकावर नुसतं ठेवा. हलकंसं थरथरलं तर काळजी नको. धाप लागल्यासारखा दाब येऊन ते उडून पडलं तर पुढची तपासणी करा, आणि तीही आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली ही वाफ ओढून घेणारा) आणि त्याचा पाइप तुंबलेला नाही ना हे बघून. तसंच सायलेन्सरमधून गळणारं पाणी दाखवून ‘हेड गॅस्केट गेलं’ म्हणतात, म्हणजे हेडखालचं सील फाटलं. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. थंड सकाळी ते टपकणारच. हेड गॅस्केटचा संशय घ्यायचा तो कूलंट सारखा कमी होत असेल, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील किंवा इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तेव्हा.

मिसिंग शोधायला अर्धा तास पुरतो, फक्त स्वस्तातून महागाकडे जावं लागतं. नुसतं आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) थरथरतं आणि रेस वाढवली की साफ होतं? मग घाण झालेली थ्रॉटल बॉडी, आयडल व्हॉल्व्ह, फाटलेला व्हॅक्यूम पाइप किंवा बसलेलं इंजिन माउंटिंग. लोडवर, चढावर झटके? मग ठिणगी कमजोर किंवा पेट्रोलचा दाब कमी. फक्त सीएनजीवर? प्लग, वायरी, सीएनजी फिल्टर, ट्यूनिंग.

मग कोणता सिलिंडर मेलाय ते शोधा. आयडलवर एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढायचं. ज्याचं काढल्यावर इंजिनाचा आवाज बदलत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. गॅरेजमध्ये चालू इंजिनाची एचटी वायर उपसतात, ते करू देऊ नका. शॉक बसतो, कॉइल खराब होऊ शकते आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याची वाट लागते.

मेलेल्या सिलिंडरचा प्लग थंड इंजिनावर काढा. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना जोर लावला की आटे जातात. प्लगच्या टोकाची गॅप फीलर गेजने (ठराविक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. एमपीएफआय (इंजेक्टरवाल्या पेट्रोल) गाड्यांत बहुधा १.० ते १.१ मिमी, पण मॅन्युअलमधला आकडा अंतिम. ज्या इंजिनांत प्लग खोल विहिरीत बसतात तिथे विहिरीत ऑइल साचलंय का पाहा. तो दोष रॉकर कव्हरच्या सीलचा असतो, रिंगांचा नाही. मग प्लग शेजारच्या सिलिंडरला लावा. मिसिंग त्याच्याबरोबर सरकलं तर प्लग दोषी. नाही सरकलं तर वायर बदलून बघा, मग कॉइल. दोन टोकांची कॉइल असेल तर १ आणि ४ एका जोडीत, २ आणि ३ दुसऱ्या. जोडीतले दोन्ही मेले तर कॉइल, एकच मेला तर बहुतेक वायर किंवा प्लग. वायरीची गळती डोळ्यांनी दिसते: अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारा, निळ्या ठिणग्या नाचताना दिसतील. हात लांब ठेवा.

एवढं सगळं ठीक निघालं, तरच कॉम्प्रेशन टेस्ट. इथे दुसरी लबाडी चालते. थंड इंजिन, उतरलेली बॅटरी, बंद थ्रॉटल अशी टेस्ट घेतली की चारही आकडे पडतात आणि ते दाखवून इंजिन उघडलं जातं. बरोबर पद्धत अशी: इंजिन गरम, चारही प्लग जोर न लावता जपून बाहेर, पेट्रोल आणि इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे. निरोगी पेट्रोल इंजिनात साधारण ११ ते १४ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) येतात. आकड्यांपेक्षा त्यांच्यातला फरक बघा. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्तीच्या पाऊणपटीखाली गेला तर तिथे खरंच काही तरी आहे. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून परत टेस्ट घ्या. आकडा वाढला तर रिंगा. नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन एकदम कमी असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट. गेज शून्य करण्याआधी प्रत्येक आकड्याचा फोटो मागा.

सीएनजीवाल्यांनी हे खास लक्षात ठेवावं. सीएनजीवर व्हॉल्व्ह सीट लवकर झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) गॅप संपते. गरम झाल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन पडतं. वेळीच लक्षात आलं तर टॅपेट सेटिंगने ते परत येतं. कित्येक ‘हाफ इंजिन’ फीलर गेज आणि स्पॅनर यांच्यावर निभावली असती. आधी टॅपेट तपासून द्या, असं स्पष्ट सांगा.

स्कॅनरचा धाकही घालतात. ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचे दोष कोडमध्ये नोंदवायची यंत्रणा. ओबीडी-१ एप्रिल २०१० पासून आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाड्यांत साधा स्कॅनर सगळं सांगेलच असं नाही. कोड निघाला तर पुसण्याआधी लिहून घ्या. पी०३०३ म्हणजे तीन नंबरला मिसिंग, इतकंच. कारण तो सांगत नाही.

इंजिन आधीच उघडलं असेल तर गाडी उचलण्याआधी बिलावर पार्टचं नाव, नग आणि किंमत वेगवेगळी लिहून घ्या आणि काढलेले रिंग, बेअरिंग, गॅस्केट, वायरी, प्लग ताब्यात घ्या. व्हर्नियरने रिंगा मोजा. बिल द्यायला नकार हीदेखील २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार घटनेपासून दोन वर्षांत करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. सोबत जोडायचं ते बिल, जुन्या पार्टचे फोटो आणि दुसऱ्या मेकॅनिककडून घेतलेले लेखी कॉम्प्रेशनचे आकडे.