इंग्लंडमध्ये घर घेताना: सॉलिसिटर, कन्व्हेयन्सर की एजंटने सुचवलेली ऑनलाइन कंपनी?

ऑफर मान्य झाल्याचा एजंटचा फोन येतो आणि त्याच दमात तो विचारतो, "तुमचा सॉलिसिटर कोण?" आपल्याकडे तेव्हा कुणीच नसतो. मग तो म्हणतो, आमच्या माहितीतली एक कंपनी आहे, आजच फाइल उघडतील. घर मिळाल्याच्या आनंदात आपण हो म्हणून मोकळे होतो. रेडिंगचा पहिला फ्लॅट घेताना मी तेच केलं. पुढचं घर घेताना मात्र गावातल्याच एका छोट्या ऑफिसातल्या सॉलिसिटरबाईंकडे गेले. दोन्हीकडे काय पदरात पडलं ते सांगते. सगळं इंग्लंडपुरतं, स्कॉटलंडमध्ये ऑफरसुद्धा सॉलिसिटरमार्फत जाते, तिथली रीतच वेगळी.

आधी पाटीवरच्या नावाचा घोळ मिटवू. सॉलिसिटर हा पूर्ण वकील, त्याच्यावर सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीची देखरेख. लायसन्स्ड कन्व्हेयन्सर मुख्यतः मालमत्तेची कामं करतो. हा व्यवसाय १९८५च्या कायद्याने उभा राहिला आणि त्यांची नियामक संस्था वेगळी आहे. टायटल तपासणं, काउन्सिलचे आणि पाणी-ड्रेनेजचे सर्च मागवणं, विकणाऱ्याच्या वकिलाला प्रश्न विचारणं, पैसे पोचवणं, स्टॅम्प ड्यूटी भरून नावावर नोंद करणं, हे दोघंही करतात. तक्रार करायची तर दोघांचीही लीगल ऑम्बड्समनकडेच जाते. फरक पडतो तो प्रकरण घराबाहेर गेलं की. विकणारं जोडपं घटस्फोटात आहे, कुंपणाचा वाद कोर्टात गेलाय, अशा वेळी सॉलिसिटरच्या ऑफिसात शेजारच्या खोलीत त्यातलं कळणारा माणूस असतो. बाकी मला विचाराल तर पाटीपेक्षा टेबल महत्त्वाचं: तुमची फाइल नक्की कोण बघतंय आणि त्याच्या टेबलावर अजून किती फायली आहेत. आणि दोघांपैकी कुणीही असो, तुम्हाला कर्ज देणाऱ्या बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे तिने मान्य केलेल्या वकिलांच्या यादीत, आहे ना, हे आधी विचारा. नसला तर बँक स्वतःसाठी वेगळा वकील नेमते आणि त्याचे पैसेही बहुधा तुमच्याच खिशातून जातात.

फ्रीहोल्ड घर, म्हणजे घर आणि खालची जमीन दोन्ही तुमची, असं घेत असाल तर स्वस्तातल्या माणसानेही भागतं. आपल्याकडे दस्ताची नोंदणी होते, मालकीची हमी सरकार देत नाही. म्हणून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, इंडेक्स टू, फेरफार हे सगळं खणून काढावं लागतं. इथे लँड रजिस्ट्रीत नोंद असलेल्या मालकीमागे सरकारची हमी आहे. उताऱ्याची प्रत ७ पाउंडांत कुणालाही ऑनलाइन मिळते, ऑफर देण्याआधी तुम्हीच काढून बघा.

फ्लॅटचं मात्र तसं नाही. इथले फ्लॅट बहुतेक लीजहोल्ड, म्हणजे ठरावीक वर्षांपुरते आपले. आमच्या लीजची ८२ वर्षं उरली होती. ८० च्या खाली गेलं की मुदत वाढवायचा खर्च एकदम चढतो, कारण त्यात 'मॅरेज व्हॅल्यू' नावाची आणखी एक रक्कम धरली जाते. ऑनलाइन कंपनीच्या अहवालात ८२ हा आकडा होता, त्याचा अर्थ कुठेच नव्हता. आमची फाइल तीन जणांच्या हातून गेली आणि प्रत्येकाने पहिल्यापासून तेच कागद मागितले. पोर्टलवर हिरवी खूण दिसायची, फोन कुणी उचलायचं नाही. शेवटी एका रविवारी चहा घेऊन मीच ते ४० पानी लीज वाचायला बसले. बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत, कार्पेटशिवाय फरशी उघडी ठेवायची नाही, भाडेकरू ठेवायचा तर जमीनमालकाची परवानगी. नवऱ्याने तोवर लाकडी फ्लोअरिंगचे नमुने मागवलेसुद्धा होते!

मुदतवाढीचे नियम सध्या बदलताहेत. विकत घेतल्यावर दोन वर्षं थांबायची अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली. मॅरेज व्हॅल्यू काढून टाकायची तरतूद २०२४च्या कायद्यात आहे, पण कायदा पास होणं आणि ते कलम लागू होणं यात इथे बरंच अंतर पडतं. म्हणून आज काय लागू आहे ते वकिलाकडून लेखी घ्या. ३० जून २०२२ नंतरच्या बहुतेक नव्या लीजवर ग्राउंड रेंट, म्हणजे जमीनमालकाला द्यायचं भाडं, नाही, जुन्यांवर आहे आणि कधीकधी ते दर काही वर्षांनी वाढतं. इमारत किमान ११ मीटर उंच किंवा किमान पाच मजली असेल तर लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर आलेल्या २०२२च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्याचे कागद लागतात. अशी कामं काही कंपन्या घेतच नाहीत, आणि ते महिनाभराने सांगतात. तेव्हा लीजहोल्डला फोन उचलणारा माणूसच हवा, मग तो सॉलिसिटर असो की कन्व्हेयन्सर.

आता आपल्या लोकांची खरी मेख: पुण्यातला फ्लॅट. ऑनलाइन फॉर्ममध्ये प्रश्न होता, पहिल्यांदाच घर घेताय का? आम्ही 'हो' दाबलं. या देशात पहिल्यांदाच घेत होतो. नवऱ्याच्या नावावर कोथरूडच्या फ्लॅटचा अर्धा हिस्सा आहे, हे कुणी विचारलंच नाही. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने टोकलं म्हणून पैसे भरायच्या आधी ते दुरुस्त झालं. कायद्यात 'पहिल्यांदा' म्हणजे जगात कुठेही घर घेतलेलं नसणं. वारसाने आलेलं घरही त्यात मोजतात, आणि दोघं मिळून घेत असाल तर दोघंही पहिलटकर हवेत. सध्याच्या दराने ४ लाख पाउंडांच्या घरावर पहिल्यांदा घेणाऱ्याला ५,००० पाउंड स्टॅम्प ड्यूटी, एरवी १०,०००. आणि भारतातलं ४० हजार पाउंड किंवा त्याहून जास्त किमतीचं घर ठेवून इथे घेत असाल तर वर आणखी ५ टक्के, म्हणजे एकूण ३०,०००. नवरा-बायको इथे एकच धरतात, त्यामुळे घर फक्त एकाच्या नावावर घेण्याची युक्ती चालत नाही. गेल्या तीन वर्षांत वारसाने मिळालेला निम्मा किंवा कमी हिस्सा या जादा ड्यूटीतून सुटतो, पहिल्यांदा घेणाऱ्याच्या सवलतीसाठी मात्र तो मोजलाच जातो. स्टॅम्प ड्यूटीचं विवरणपत्र वकील भरतो, त्यात चूक झाली तर जबाबदारी मात्र आपली. सॉलिसिटरबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "दोघांपैकी कुणाचं, जगात कुठेही?"

पैसे भारतातून येणार असतील तरी तेच. आईवडिलांना एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, तिथे अडचण नाही. इथला वकील विचारतो, हे पैसे त्यांच्याकडे आले कुठून? एफडी मोडली की जमीन विकली? शिवाय हे बक्षीस आहे, घरावर आमचा हक्क नाही, असं त्यांनी लिहून द्यावं लागतं. बाबांच्या सहकारी बँकेच्या पासबुकाचे व्हॉट्सॅपवर आलेले फोटो पोर्टलने चार वेळा 'अस्पष्ट' म्हणून परत पाठवले. खरेदीखत मराठीत असेल तर भाषांतर करून घ्या, आणि हे सगळं घर शोधायला लागतानाच.

खर्चाचं म्हणाल तर पहिलं कोटेशन ६५० पाउंडांचं होतं. लीजहोल्डचे जादा, गिफ्ट लेटरचे जादा, पैसे ट्रान्सफर करायचे जादा, वर २० टक्के व्हॅट. सर्च सोडून बिल १,४८० वर गेलं. बाईंनी १,३५० अधिक व्हॅट सांगितले आणि तेवढेच घेतले. एजंटला अशा कंपनीकडून कमिशन मिळत असेल तर त्याने ते सांगायला हवं; तीच कंपनी घ्यायची सक्ती तो करू शकत नाही.

कुणालाही नेमा, एक्स्चेंज, म्हणजे सही केलेल्या करारांची अदलाबदल, होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या. टोकन दिलं की शब्द पक्का, हा आपला हिशेब इथे नाही. जास्त देणारा आला तर मालक तिकडे वळू शकतो. एक्स्चेंजला साधारण १० टक्के जातात आणि बहुतेक करारांत त्याच दिवसापासून घराचा विमा आपल्या गळ्यात. वकिलाचा बँक खाते नंबर बदलल्याची ईमेल आली तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक पेनी पाठवू नका.

माझा मावसभाऊ सध्या मिल्टन कीन्समध्ये फ्रीहोल्ड घर घेतोय. भारतात घर नाही, पैसे स्वतःचे. त्याला मी निर्धास्तपणे स्वस्तातला लायसन्स्ड कन्व्हेयन्सर सुचवला. काल त्याच्या बायकोने सहज सांगितलं की नाशिकला तिच्या नावावर एक प्लॉट आहे. रिकामा असेल तर प्रश्न नाही. त्यावर घर उभं आहे का, हे ती आज वडिलांना फोन करून विचारणार आहे.